मागे सरायला जागा नाही: फास्ट वाईड लेन्सची पार्श्वभूमी

बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक म्हणजे रात्रभराचं काम. नरगुंदकर भावे चौकात नारळ फुटला तरी रथ हलता हलता मध्यरात्र होते, आणि शेवटचे रथ परततात तेव्हा दूधवाले फिरायला लागलेले असतात. ट्रॉलीवर प्लायवूडचा किल्ला, बुरुजावर गल्लीतलीच पोरं मावळे म्हणून उभी, स्पीकरवर संवाद आणि त्याबरोबर ओठ हलवणारा अफझलखान. फोटो काढणाऱ्याची पाठ दुकानाच्या शटरला टेकलेली आणि रथ चार मीटरवर.

हिशेब साधा आहे. सहा मीटर लांबीचा रथ फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीच्या लेन्सने आडवा बसवायचा, तर सव्वाआठ मीटर मागे जावं लागतं. एवढी रुंदी आमच्या जुन्या गल्ल्यांत कुठून आणायची? २४ मिमी लावला की चार मीटरवर काम होतं. म्हणजे वाईड हवाच: मिमीचा आकडा, म्हणजे फोकल लेंग्थ, जितकी लहान तितका पट्टा रुंद. पण रात्र आहे. रथावर दोन हॅलोजन आणि एक लाल दिवा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारा झूम, वाईड टोकाला एफ/३.५ देतो. एफचा आकडा जितका लहान तितकं अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं आणि लेन्स 'फास्ट'. त्यावर शटर १/१५ सेकंद मिळत असेल, तर अफझलखानाचा हात धूर होऊन जातो. तोच उजेड एफ/१.४ ला सहापट आत येतो आणि शटर १/९० च्या घरात जातं. हात हात राहतो.

सुरुवातीला मीही फ्लॅश मारला होता. लाल उजेडात बसवलेला देखावा एका क्षणात पांढराफटक पडला आणि रथावरून मंडळाचे एक काका ओरडले, "ओ फोटोवाले, लाईट मारू नका ओ, पोरं दचकूलेत!" फोटो पाहिल्यावर त्यांचंच बरोबर होतं. प्लायवूडच्या किल्ल्यावर फ्लॅश पडला की किल्ला नाहीसा होतो, नुसतं प्लायवूड उरतं.

रुंदी आणि उजेड एकाच काचेत मागणं आज फारसं वावगं वाटत नाही. पण लेन्सच्या इतिहासात ही दोन्ही बराच काळ सवतींसारखी नांदली.

उजेड आधी आला. १८४० साली व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवालने पोर्ट्रेटसाठी एफ/३.६ ची लेन्स काढली. आकडेमोडीला त्याला तोफखान्यातले हिशेबनीस मिळाले होते म्हणतात, आणि तेव्हाच्या मंद प्लेट्सवर ही लेन्स वरदानच ठरली. पण चेहरा नीट यायचा तो मध्यभागीच, कडेला सगळं भोवऱ्यासारखं फिरलेलं.

रुंदी आली १९०० मध्ये. गोर्त्झ कंपनीचा हायपरगॉन सुमारे १३५ अंशांचा पट्टा टिपायचा, आजही ऐकून डोळे फिरावेत असा. त्यात दोनच काचा, दोन्ही जवळजवळ अर्धगोल, समोरासमोर ठेवलेल्या वाट्यांसारख्या. अपर्चर मात्र एफ/२२. त्यातही कडेपर्यंत पोचणारा प्रकाश मध्याच्या मानाने नगण्य, कारण तिरप्या किरणांचा उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने पडतो. ४५ अंशांवर एक चतुर्थांश उरतो, ६७ अंशांवर शंभरात दोन-तीन भाग. त्यावर गोर्त्झवाल्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. लेन्ससमोर चांदणीच्या आकाराची एक छोटी पाती बसवलेली असायची. रबरी फुगा दाबला की हवेच्या झोताने ती गरगर फिरायची आणि मधला उजेड अडवायची. एक्स्पोजरचा बराच वेळ झाला की पाती बाजूला पाडायची आणि उरलेला वेळ मध्यभागाला द्यायचा. लेन्सला पंखा लावून फोटो काढणारी माणसं होती ती.

असा फोटो निघायचा इमारतींचा. इमारत थांबते. आमच्या किल्ल्यातलं जैन मंदिर कमलबस्ती घ्या. रट्ट राजांच्या काळात, १२०४ च्या सुमारास बांधलेली, आत काळा दगड आणि छतातून उलटं खाली झुकलेलं दगडी कमळ. कमळाखाली उताणं पडून वर पाहिलं की ते पूर्ण मावायला वाईडच लागतो. पण घाई कसली? कॅमेरा फरशीवर चित ठेवा, एफ/११ करा, चार सेकंद द्या. आठशे वर्षं तिथे असलेलं कमळ चार सेकंदांत हलत नाही. अशा ठिकाणी फास्ट वाईड घ्या सांगणारे मला विकणारे वाटतात. त्याची गरज लागते ती अरुंद जागेत हलणारी माणसं असली की.

माणसांसाठीचा उजेड १९२० च्या दशकात आला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याच साली ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स कॅमेरा बाजारात आणला, त्यावर एफ/२ ची एर्नोस्टार लेन्स. ती रचणारा लुडविग बेर्टेले तेव्हा जेमतेम विशीतला. हाच कॅमेरा घेऊन फोटोपत्रकार एरिश झालोमोन पुढे कोर्टात आणि राजकारण्यांच्या बैठकांत शिरला आणि फ्लॅशशिवाय फोटो काढून आला. पण एर्नोस्टार वाईड नव्हती. खोलीतला एखादा कोपरा यायचा, अख्खी खोली नाही.

१९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका कॅमेरा आला आणि ३६ बाय २४ मिमीची फ्रेम रूढ झाली. त्याच्यासाठीची ३५ मिमीची एल्मार १९३० ची, एफ/३.५. म्हणजे आजच्या किट लेन्सएवढी. गंमत म्हणजे एर्नोस्टारवाल्या बेर्टेलेनेच झाइससाठी रचलेली २१ मिमीची बायोगॉन १९५४ मध्ये बाजारात आली. रेषा सरळ, कडा खणखणीत, पण एफ/४.५. एकाच माणसाच्या हातून उजेडही आला आणि रुंदीही. फक्त दोन वेगवेगळ्या लेन्समध्ये, तीस वर्षांच्या अंतराने.

इथे एक गैरसमज काढायला हवा. २४ मिमी एफ/१.४ म्हणजे उजेडाचं भोक जेमतेम १७ मिमीचं, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. ८५ मिमी एफ/१.४ ला ते ६१ मिमी लागतं. मग वाईड अवघड का? कारण काम भोकाच्या आकाराशी अडत नाही, तिरप्या किरणांशी अडतं. मधून येणारा किरण सरळ असतो, कडेचा तिरका शिरतो, आणि भोक जितकं मोठं तितके ते तिरके किरण एका बिंदूवर आणणं कठीण. आणलं नाही, तर कोपऱ्यातला दिव्याचा ठिपका पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो. चित्ररथाच्या फोटोत हे लगेच कळतं, कारण गल्लीभर माळा सोडलेल्या असतात. मधल्या माळा दिव्यांच्या आणि कोपऱ्यातल्या चिमण्यांच्या.

त्यात भर पडली आरशाची. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्यात, लेन्सची मागची काच फिल्मला जवळजवळ चिकटवता येते, बायोगॉन तशीच होती. १९५६ ची निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ आणि १९६१ ची लायकाची ३५ मिमी एफ/१.४ सुमिलक्स याही रेंजफाइंडरच्याच. सुमिलक्स पूर्ण उघडी ठेवली की उजळ भागांभोवती धुकं यायचं. त्या धुक्यावर जीव टाकणारी माणसं आजही आहेत. पण एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा वर-खाली होतो. निकॉन एफ कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फिल्मपर्यंत ४६.५ मिमी. तिथे २४ मिमीची सरळसाधी लेन्स बसवायची, तर ती आरशाच्या जागेतच घुसणार.

उपाय निघाला तो दुर्बीण उलटी धरल्यासारखा. पुढे मोठी, प्रकाश पसरवणारी काच, मागे गोळा करणाऱ्या काचा, म्हणजे फोकल लेंग्थ कमी असूनही लेन्स फिल्मपासून लांब राहते. टेक्निकलरच्या सिनेकॅमेऱ्यांत लेन्समागे प्रिझमला जागा लागायची, तिथे ही युक्ती आधीच वापरली गेली होती. फोटोच्या दुकानात ती आली पॅरिसच्या पिएर आंजेनियोमुळे, १९५० मध्ये ३५ मिमी एफ/२.५ म्हणून. त्याने तिला दिलेलं 'रेट्रोफोकस' हे नाव पुढे सगळ्या जातीलाच चिकटलं.

या रचनेला काचा जास्त लागतात, आणि परावर्तन कमी करणारा पातळ थर, म्हणजे कोटिंग, नसेल तर काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतो. दहा सुट्या काचांचे वीस पृष्ठभाग धरले तर निम्म्याहून जास्त उजेड वाटेतच गळतो. म्हणून झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये शोधलेलं कोटिंग नसतं, तर फास्ट वाईडचं स्वप्न कागदावरच राहिलं असतं. लेन्सच्या गप्पांत याचं नाव क्वचित निघतं, हे मला खटकतं.

पुढे पायऱ्या पटापट आल्या. १९६७ ची निकॉनची २४ मिमी एफ/२.८ जवळचा फोकस करताना काचांमधलं अंतर स्वतःच बदलायची, त्यामुळे कडा टिकायच्या. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निकॉनची ३५ मिमी एफ/१.४ आली. आणि १९७५ मध्ये कॅननने २४ मिमी एफ/१.४ आणली, त्यात एक ॲस्फेरिकल काच, म्हणजे गोलाचा तुकडा नसलेला, मुद्दाम वेगळा घासलेला पृष्ठभाग. हायपरगॉनपासून पाऊणशे वर्षांनी रुंदी आणि उजेड एका नळीत बसले. किमतीमुळे ती सीमाभागातल्या स्टुडिओंपर्यंत कधी पोचलीच नाही. आमच्याकडे फिल्मच्या काळात लग्नाचा फोटो म्हणजे फ्लॅशगन आणि वरातीत डोळे मिटलेला नवरा.

नंतर घासण्याऐवजी साच्यात दाबून ॲस्फेरिकल काचा होऊ लागल्या आणि भाव उतरले. सिग्मा कंपनीच्या २०१२ च्या ३५ मिमी 'आर्ट' लेन्समुळे एफ/१.४ बऱ्याच लग्नवाल्यांच्या बॅगेत आला. २०१५ मध्ये त्यांनी २० मिमीलाही एफ/१.४ दिलं, वजन किलोच्या जवळ. मग मिररलेसमध्ये आरसाच गेला. सोनीचं माउंट सेन्सरपासून १८ मिमीवर, त्यामुळे मागची काच पुन्हा जवळ आणता आली. सिग्माची डीएसएलआरची, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्याची, २४ मिमी एफ/१.४ होती ६६५ ग्रॅम, सोनीची २०१८ ची २४ मिमी एफ/१.४ आहे ४४५. रात्रभर गळ्यात अडकवणाऱ्याला हा फरक पहाटे तीनला कळतो.

आणखी एक गोष्ट चित्ररथाच्या कामाची. ८५ मिमी एफ/१.४ ने तीन मीटरवर फोकस केला की जेमतेम दहा सेंटिमीटर शार्प राहतं, महाराज शार्प आणि वाघनखं ब्लर. २४ मिमीला त्याच अंतरावर अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत सगळं चालण्यासारखं येतं. मागचा बुरुज जरा मऊ पडतो, प्लायवूडचे सांधे झाकण्यापुरता.

आता तर गल्लीतल्या प्रत्येकाच्या खिशात फास्ट वाईड प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, आहे. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा तोच असतो, फुल-फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ मिमी, एफ/१.८ च्या आसपास. सेन्सर नखाएवढा, म्हणून उजेड आकड्यावरून वाटतो तितका गोळा होत नाही, पण बाकीचं सॉफ्टवेअर सांभाळतं. रथ गणपत गल्लीच्या तोंडाशी वळतो तेव्हा सगळ्यांचे हात एकदम वर जातात. माझा २४ मिमी ते सगळे आत घेतो. मागच्या वेळच्या सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये मी मोजले, सतरा फोन होते. त्यातल्या एकाच्या स्क्रीनवर अफझलखान माझ्यापेक्षा शार्प आला होता.