झोपेची नैसर्गिक गरज

झोपेची नैसर्गिक गरज : गजर, काम, उत्तेजक पेये किंवा आधीच्या रात्रींचे जागरण यांपैकी कशाचाही दाब नसताना शरीर आपणहून जेवढा वेळ झोपते, आणि जेवढ्या झोपेनंतर दिवसभर पेंग न येता वावरता येते, तो कालावधी. मराठीत ‘झोप लागणे’ हा वाक्प्रचार डोळा लागण्यासाठीही वापरतात आणि गरजेसाठीही. त्यामुळे ‘मला सहा तास झोप लागते’ असे कोणी म्हटले, तर तो सवय सांगतो आहे की गरज, हे वाक्यावरून ठरवता येत नाही. बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये वयानुसार शिफारशी प्रसिद्ध केल्या. नवजात बालकांसाठी १४ ते १७ तास, शाळकरी मुलांसाठी ९ ते ११, किशोरवयीनांसाठी ८ ते १०, प्रौढांसाठी ७ ते ९ आणि पासष्टीनंतर ७ ते ८ तास. हे आकडे लोकसमूहासाठी आहेत. प्रौढांच्या पट्ट्यातच दोन तासांचे अंतर आहे, आणि त्यात आपण नेमके कुठे बसतो हे तक्त्यात पाहून कळत नाही.

झोप केव्हा येते आणि केव्हा उडते, हे दोन प्रक्रिया मिळून ठरवतात. ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. पहिली प्रक्रिया म्हणजे झोपेचा दाब : जितका वेळ जागे, तितका तो वाढत जातो आणि झोपेत ओसरतो. मेंदूत साचणाऱ्या अ‍ॅडिनोसिन या रसायनाचा त्याच्याशी संबंध आहे. कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटते त्या जागांवर, ठाण मांडून बसते. त्यामुळे दाब कमी होत नाही, फक्त जाणवेनासा होतो. दुसरी प्रक्रिया शरीराच्या अंतर्गत घड्याळाची. ते साधारण २४ तासांच्या तालावर चालते आणि प्रकाशाने जुळते राहते. पहाटे तीनला झोपलेला माणूस नऊ वाजता आपोआप उठला, म्हणजे त्याची गरज सहा तासांची असा निष्कर्ष निघत नाही. झोप पुरी झालेली नसतानाही घड्याळाने त्याला उठवलेले असू शकते.

गरज ओळखण्यातली खरी अडचण मात्र वेगळी आहे. स्वतःच्या झोपाळूपणाचा माणसाचा अंदाज चुकतो, आणि झोपेची तूट वाढत गेली की तो अधिकच चुकतो. हान्स व्हान डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तासच अंथरुणात राहू दिले. सहा तासांच्या गटाची लक्ष एकाग्र ठेवण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांच्या शेवटी ती अख्खी रात्र जागून काढलेल्या माणसाइतकी खालावली होती. ‘किती झोप येते आहे?’ या प्रश्नाची त्यांची उत्तरे मात्र पहिल्या काही दिवसांनंतर जवळपास जागच्या जागी राहिली. ‘मला एवढी पुरते, सवय झाली आहे’ या वाक्याची किंमत या प्रयोगानंतर बरीच उतरते. सवय होते ती थकव्याची.

म्हणून मोजमापाआधी झोपेची थकबाकी फेडावी लागते. टॉमस वेअर यांनी १९९० च्या दशकात काही तरुणांना रोज १४ तास अंधारात ठेवले. सुरुवातीच्या रात्री ते दहा तासांहून अधिक झोपले, पण काही आठवड्यांत हा आकडा सव्वाआठ तासांच्या आसपास स्थिरावला. जपानमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासातही असेच दिसले. पंधरा तरुणांना नऊ दिवस हवी तितकी झोप घेऊ दिल्यावर त्यांची गरज सरासरी सुमारे ८.४ तास निघाली. घरी ते सुमारे ७.४ तास झोपत होते. रोज तासाभराची तूट होती, आणि आपली झोप अपुरी आहे अशी त्यांची तक्रार नव्हती.

घरच्या घरी करायची पद्धत यावरूनच निघते. दोन-तीन आठवड्यांची मोकळीक मिळाली, तर रोज ठरावीक वेळी अंथरुणाला पाठ टेकायची, गजर लावायचा नाही, दुपारनंतर चहा-कॉफी टाळायची आणि जाग आल्याची वेळ लिहून ठेवायची. पहिल्या चार-पाच दिवसांचे आकडे बाजूला ठेवावेत. ती फेड असते, गरज नव्हे. पुढच्या दिवसांची सरासरी कामाची. अंथरुणात काढलेला सगळा वेळ झोपेचा धरू नये : झोप यायला लागणारा वेळ आणि मध्येच जागे राहिल्याचा वेळ वजा करावा. आठ तास पडून राहणारा निरोगी माणूसही सात-सव्वासात तासच झोपलेला असू शकतो. मनगटावरची घड्याळे हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात. स्वस्थ पडून जागे असलेल्याला ती सहज झोपलेला ठरवतात.

एवढी सुट्टी कोणाला मिळते, हा प्रश्न रास्त आहे. पर्याय सावकाशीचा : उठण्याची वेळ पक्की ठेवून झोपण्याची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, आणि गजराच्या थोडे आधी आपोआप जाग येऊ लागली की तिथे थांबायचे. सुट्टीच्या दिवशी एरवीपेक्षा दोन तास जास्त झोप होत असेल, तर आठवडाभराची तूट आहे असे समजायला हरकत नाही.

उठल्या उठल्या कसे वाटते, यावरून काही ठरवू नये. पूर्ण झोपेनंतरही पहिली पंधरा ते तीस मिनिटे डोके जड असू शकते. दुपारच्या कंटाळवाण्या कामात डोळे मिटतात का, ही त्याहून बरी कसोटी. मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ मोजपट्टी अशाच आठ प्रसंगांबद्दल विचारते. २४ पैकी १० च्या वर गुण गेले, तर दिवसाचा झोपाळूपणा जास्त मानतात. झोप नव्वद मिनिटांच्या पटीत घ्यावी, हा लोकप्रिय सल्ला मात्र फारसा टिकत नाही. झोपेचे एक आवर्तन सुमारे ७० ते १२० मिनिटांचे असते आणि एकाच रात्रीतही बदलते.

खरोखर कमी झोपेत भागणारी माणसे आहेत. यिंग-हुई फू यांच्या गटाला २००९ मध्ये एका मायलेकीत ‘डीईसी२’ या जनुकातील बदल आढळला. दोघी रोज सुमारे सव्वासहा तास झोपत आणि त्यांना त्रास नव्हता. असे बदल फार दुर्मीळ आहेत, आणि स्वतःला त्यांत गणणारे बरेच.

उलट, नऊ-दहा तास झोपूनही मरगळ जात नसेल, तर गरज मोठी आहे असे धरून चालू नये. झोपेत श्वास अडखळणे, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा एखादे औषध त्यामागे असू शकते. मोठ्याने घोरण्याची जोड असेल, तर तपासणी आधी आणि मोजणी नंतर.

हा आकडा आयुष्यभराचाही नसतो. २००८ च्या एका प्रयोगात झोपेसाठी रोज १६ तासांची सवड देऊन पाहिली, तेव्हा तरुणांची झोप ८.९ तासांवर स्थिरावली आणि ज्येष्ठांची ७.४ तासांवर. तरुणपणी मोजलेला आकडा साठीत पुन्हा मोजावा लागतो.