गॅस सुटल्याशिवाय पाणी नाही, हा नियम आला कुठून

मागच्या महिन्यात काकूच्या मोठ्या आतड्याचा एक तुकडा काढावा लागला, नागपूरच्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात, आणि त्याच संध्याकाळी सिस्टर चमच्याने पाणी पाजायला आली तर आईने तिचा हातच धरला. "अवो, अजून गॅस नाही ना सुटला, आतले टाके उसवतील!" आईची भीती उगाच नव्हती. १९८८ मधे टायफॉईडने आजोबांचं आतडं फुटलं होतं, ऑपरेशननंतर सहा दिवस त्यांना तोंडाने काहीच दिलं नाही, ओठावर ओला कापूस फिरवायचा बस, आणि मामा त्यांच्याकडे बघायचं टाळायचे कारण ते डोळ्यांनीच पाणी मागत होते. तीसपस्तीस वर्षांत एवढं उलटंपालटं कसं झालं हे शोधत बसली तेव्हा जे कळलं ते लिहून ठेवतेय.

सुरुवात जोडापासून करावी लागते. आतडं कापून परत शिवणं म्हणजे पूर्वी जवळजवळ मरणच, जोड सुटला की घाण पोटात पसरायची आणि पेशंट जायचा. १८२६ मधे फ्रान्सच्या लेंबर्टने दाखवलं की आतड्याच्या कडा आत वळवून बाहेरचं आवरण आवरणाला टेकवून शिवलं तर जोड धरतो. मग १८८७ मधे अमेरिकेच्या हाल्स्टेडने कुत्र्यांवर प्रयोग करून सांगितलं की टाक्याचा खरा भार आतड्याच्या भिंतीतला एकच थर पेलतो, सबम्युकोसा. टाका तिथवर गेला पाहिजे. पण जोड चांगला झाला तरी भीती गेली नाही. हात मोडला की प्लास्टरमधे ठेवतो ना, तसंच आतड्यालाही हलू द्यायचं नाही असा विचार होता, त्यासाठी एकोणिसाव्या शतकात डॉक्टर अफूसुद्धा द्यायचे, आतडं गप्प पडून राहावं म्हणून. शिकागोच्या ऑक्सनरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अपेंडिक्स पिकलेल्या पेशंटला पूर्ण उपाशी ठेवायची पद्धत रूढ केली, आपल्याकडे सर्जरी शिकणाऱ्या पोरांना ते नाव अजून पाठ करावं लागतं.

इथे सुश्रुताबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात आतडं फुटलेल्या पेशंटचं पोट उघडून छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून धरायच्या, मुंगीचं धड तोडून डोकं तिथेच ठेवायचं असं वर्णन आहे, आणि नंतर पेशंटला फक्त दुधावर ठेवायला सांगितलंय. उपास नाही, दूध. किती जण त्यातून वाचले ते त्या ग्रंथावरून कळत नाही म्हणून फार ताणत नाही मी, पण जोड घालून खाऊ घालायचं हा विचार आपल्याकडे जुना आहे एवढं नक्की.

नाकातली नळी म्हणजे रायल्स ट्यूब, ती १९२१ ची. लंडनच्या रायलने ती पोटातला रस तपासायला केली होती, त्याच वर्षी अमेरिकेत लेविननेही आपली नळी आणली. १९३० च्या दशकात मिनेसोटाच्या वांगेन्स्टीनने अशा नळीला सक्शन जोडून आतडं अडकलेल्या पेशंटचं पोट रिकामं करायला सुरुवात केली आणि त्याने खरंच खूप जीव वाचले. पण अडकलेल्या आतड्याचा हा उपाय हळूहळू प्रत्येक पोटाच्या ऑपरेशनला लागू झाला, नळी घाला, एनबीएमचा (तोंडाने काही देऊ नका) बोर्ड लावा, पोटातून आवाज येऊ द्या, गॅस सुटू द्या, मग पाणी. माझ्या मते घोळ इथेच झाला.

कारण पोटातले सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडं काही तासांतच हलायला लागतं, जठराला एकदोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात आळशी, दोनतीन दिवस किंवा जास्तच. गॅस सुटतो तो या शेवटच्याकडून. म्हणजे घरातला सगळ्यात उशिरा उठणारा उठेपर्यंत सगळ्यांचा चहा थांबवायचा. आणि काही नाही खाल्लं तरी लाळ, जठररस, पित्त असं सगळं मिळून दिवसाला काही लिटर पाणी आतड्यात उतरतंच, उपाशी पेशंटचा जोड कोरडा राहतो असं कधीच नव्हतं.

जोड पहिले तीनचार दिवस उलट थोडा कमजोर होतो, जुनं कोलॅजन (जोडाला धरून ठेवणारं प्रोटीन) विरघळतं आणि नवीन अजून बनायचं असतं. नवीन बनायला प्रोटीन लागतं, व्हिटॅमिन सी लागतं, आणि नेमक्या याच दिवसांत पेशंट सलाईनवर. आपल्याकडे अजून म्हणतात "सलाईन चालू आहे ना, मग ताकद येईल". साध्या सलाईनच्या एका लिटरमधे ९ ग्रॅम मीठ असतं, ताकद शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका पोळीएवढी कॅलरी. उपासाची किंमत १९३६ मधेच समोर आली होती: क्लीव्हलंडच्या स्टडलीने अल्सरच्या पेशंटमधे बघितलं की ऑपरेशनआधी ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त उतरलं होतं त्यांच्यातले ३३ टक्के गेले, बाकीच्यांत साडेतीन टक्के. १९६८ मधे अमेरिकेच्या डड्रिकने दाखवलं की मोठ्या शिरेतून पूर्ण आहार देऊन जीव जगवता येतो, वाढवतासुद्धा येतो. ज्यांचं आतडं चालतच नाही त्यांच्यासाठी ते वरदानच आहे, पण महाग, आणि शिरेतून इन्फेक्शनची भीती.

मग १९९० च्या दशकात कोपनहेगनच्या केहलेटने सगळं एकत्र विचारात घेतलं, पाठीत एपिड्युरल (मणक्याजवळच्या नळीतून भूल) देऊन मॉर्फिनसारखी औषधं कमी करायची (तीही अफूचीच लेकरं, आतडं झोपवतात), सलाईन बेताचं, पेशंटला लगेच उठवून चालवायचं आणि लगेच खाऊ घालायचं. त्याच्या टीमने २००० मधे छापलेल्या ६० पेशंटच्या नोंदीत निम्मे लोक दोन दिवसांत घरी गेले होते, काहींना परत भरती व्हावं लागलं हेही खरं. २००१ मधे लुईस आणि सोबत्यांनी ११ अभ्यास, ८३७ पेशंट एकत्र तपासले तर उपाशी ठेवण्याचा फायदा दिसलाच नाही. २००२ मधे नॉटिंगहॅमला लोबोंनी दाखवलं की जास्त मीठपाणी शिरेतून गेलं की जठर उशिरा रिकामं होतं. त्याच वर्षी जपानमधे पेशंटला नुसतं च्युइंगगम चघळायला दिलं तर गॅस लवकर सुटला, तोंड हललं की मेंदू आतड्याला कामाला लावतो.

हे सगळ्यांना सरसकट लागू नाही हं. जोड गळतोय, पोट फुगतंय, उलट्या होतायत, आतडं अडकलंय, तर नळी आणि उपास आजही लागतो आणि ते सर्जनच ठरवणार. घरून डबा नेऊन आपल्या मनाने भरवू नका, संत्री तर सुरुवातीला नाहीच, चोथा असतो.

काकूला दुसऱ्या दिवशी सकाळी पेज, दुपारी वरणाचं पाणी, तिसऱ्या दिवशी मऊ खिचडी आणि गॅस सुटला तो त्या खिचडीनंतर. आई डबा धुताना म्हणाली, "मग बाबांनाही तेव्हा पाणी चाललं असतं का गं?" मी म्हटलं त्यांचं तर आतडं फुटून पोटात पू झाला होता आई, त्यांचं वेगळं होतं, एकदोन दिवस तरी थांबावंच लागलं असतं. सहा दिवस थांबावं लागलं असतं का, ते तिने विचारलं नाही.