हेल्मेट उपचार : बाळाच्या चपट्या डोक्यासाठी

तान्ह्या बाळाच्या डोक्याचा मागचा भाग किंवा एक बाजू बसली, म्हणजे चपटी झाली, तर कवटी वाढत असतानाच तिला गोलाई यावी म्हणून बाळाच्या मापाचे प्लास्टिकचे कवच घालतात. त्याला हेल्मेट उपचार म्हणतात. कवचाला आतून फोमचे अस्तर असते. नाव हेल्मेट असले तरी मार लागण्यापासून बचावाशी त्याचा संबंध नाही. ते डोके दाबतही नाही. जिथे डोके फुगलेले असते तिथे ते नुसते टेकते आणि जिथे बसलेले असते तिथे मोकळी जागा सोडते, त्यामुळे वाढ त्या मोकळ्या जागेकडे वळते. वाढच थांबली असेल तर हेल्मेटला करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून या निर्णयात सर्वांत मोठा प्रश्न बाळाच्या वयाचा असतो.

खानदेशात नेमके इथेच अडते. बाळाचे डोके कसे आहे हे पुष्कळ घरांत जाऊळ काढल्यावरच नीट दिसते. धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीपुढे, वणीच्या गडावर किंवा घराण्याच्या कुलदैवतापाशी जाऊळ उतरते आणि केसांखाली झाकलेला सपाट भाग उघडा पडतो. तोवर बाळ वर्षाचे, कधी त्याहून मोठे झालेले असते. त्याआधी आईने शंका काढलेली असली तरी ‘मोठा व्हयना का गोल व्हई जाई’ असे सांगून घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला गप्प केलेले असते. हे सांगणे बहुतेक बाळांच्या बाबतीत खरे ठरते. जी थोडी बाळे त्याला अपवाद असतात, त्यांच्यासाठी मात्र ही वाट पाहणे महाग पडते.

कवटीच्या वाढीचे आकडे पाहिले की हे लक्षात येते. जन्मावेळी डोक्याचा घेर साधारण 34 ते 35 सेंमी असतो, सहाव्या महिन्यात तो 43 च्या आसपास जातो आणि वर्षाला 46 होतो. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत 8 ते 9 सेंमी, पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम 3, आणि दुसऱ्या अख्ख्या वर्षात सुमारे 2 सेंमी वाढ होते. म्हणून चौथा ते सहावा महिना हा हेल्मेट सुरू करण्याचा सर्वांत उपयोगी काळ मानतात. वर्षानंतर परिणाम फार कमी होतो. अमेरिकेत या साधनांना 1998 पासून औषध प्रशासनाची मान्यता आहे, ती 3 ते 18 महिन्यांच्या बाळांपुरती आहे.

डोके बसते ते सततच्या एकाच बाजूच्या दाबाने. पाठीवर झोपणारे बाळ मान एकाच अंगाला वळवत राहिले की त्या बाजूचा मागचा भाग सपाट होतो, त्याच बाजूचा कान पुढे सरकतो आणि कधी कपाळही पुढे येते. वरून पाहिले तर डोके तिरक्या चौकोनासारखे दिसते. याला प्लॅजिओसेफली म्हणतात. पूर्ण मागची बाजू सपाट होऊन डोके रुंद झाले तर ब्रॅकिसेफली. मानेचा एक स्नायू आखडलेला असणे (टॉर्टिकोलिस) हे यामागचे नेहमीचे कारण आहे. जुळी बाळे, दिवस भरण्याआधी जन्मलेली आणि नवजात कक्षात बरेच दिवस काढलेली बाळे यांच्यात हे जास्त आढळते. 1992 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पालथे झोपवू नये असे सांगितले. त्यानंतर झोपेतले अचानक मृत्यू निम्म्यावर आले आणि डोके चपटे होण्याच्या तक्रारी वाढल्या. तरीही डोक्याच्या गोलाईसाठी बाळाला पालथे झोपवू नये. गोलाईपेक्षा श्वास मोठा आहे.

खानदेशी घरातले काही उपाय इथे तपासून घ्यायला हवेत. मोहरीची उशी घराघरांत बाळंतविड्याबरोबर येते. दाणे सरकतात, दाब वाटला जातो, अशी त्यामागची समजूत आहे. वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी मऊ उशी ठेवण्यात गुदमरण्याचा धोका असतो, आणि डोके गोल करण्याच्या उशा वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला आहे. झोळीत लहान बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा येऊ शकतो, शिवाय मान एका ठेवणीत अडकून राहते. झोळी झोके घेण्यापुरती, कोणी समोर बसले असताना ठीक. रात्रभराची झोप सपाट अंथरुणावरच हवी. न्हाऊ घालणारी बाई दोन्ही तळव्यांत डोके धरून ‘गोल’ करते, त्याने हाडाचा आकार बदलत नाही. टाळू भरताना हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, दाबू मात्र नये.

याउलट एक साधी गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे जागेपणी बाळाला पालथे ठेवणे. न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी मिळून किमान 30 मिनिटे पालथे ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. सोबत झोपण्याची दिशा रोज बदलावी. खिडकी, दिवा आणि आई ज्या बाजूला असते तिकडे बाळ मान वळवते, म्हणून आज उशाकडे डोके असेल तर उद्या पायथ्याकडे. पाजताना आणि कडेवर घेतानाही बाजू बदलावी. मान आखडलेली असेल तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. हे लवकर सुरू झाले तर पुष्कळांना हेल्मेटचा विचारही करावा लागत नाही. न्यूझीलंडमधील 2004 च्या एका पाहणीत चार महिन्यांच्या सुमारे 20 टक्के बाळांची डोकी चपटी आढळली. तीच बाळे दोन वर्षांची झाली तेव्हा हे प्रमाण 3.3 टक्क्यांवर आले होते.

हेल्मेटचा विचार करण्याआधी एक शंका पक्की दूर करावी लागते. कवटीच्या हाडांमधील सांधे वेळेआधी जुळले (क्रेनिओसिनॉस्टोसिस) तरी डोके वाकडे दिसते, आणि ते नुसत्या हेल्मेटने सुधारत नाही. दोन ते अडीच हजार जन्मांमागे एकात हे आढळते, आणि अशा बाळाला बहुधा शस्त्रक्रिया लागते. सांध्यावर हाताला उंचवटा लागणे, जन्मापासूनच डोके लांबट व अरुंद असणे, सपाट बाजूचा कान पुढे न जाता मागे ओढल्यासारखा दिसणे किंवा घेर न वाढणे, यांपैकी काही दिसले तर बालरोगतज्ज्ञाने मेंदूशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पुष्कळदा हाताने तपासून निदान होते. लहान वयात सोनोग्राफीनेही सांधे पाहता येतात, त्यामुळे प्रत्येक बाळाचा सीटी स्कॅन काढणे योग्य नाही.

हेल्मेटचा फायदा किती, यावर एकमत नाही. नेदरलँड्समधील एका चाचणीत 5 ते 6 महिन्यांच्या 84 बाळांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला सहा महिने हेल्मेट दिले, दुसऱ्याला काहीच दिले नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांच्या वयाला हेल्मेटवाल्यांपैकी 26 टक्के आणि बिनहेल्मेटवाल्यांपैकी 23 टक्के पूर्ण सुधारले होते. फरक नगण्य होता, आणि हेल्मेट घातलेल्या सर्वच बाळांच्या आईवडिलांनी काही ना काही त्रास सांगितला. या चाचणीत अतितीव्र चपटेपणाची बाळे घेतलेली नव्हती. अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सकांच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत झोपण्याच्या दिशा बदलून व व्यायाम करूनही मध्यम ते तीव्र चपटेपणा उरलेल्या बाळांना हेल्मेट सुचवले आहे. दोन्ही बाजू समोर ठेवल्या तर सौम्य चपटेपणाला हेल्मेट घालण्याचे कारण दिसत नाही. तीव्र असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतबाहेर असेल आणि दोनेक महिने उपाय करूनही फरक पडला नसेल, तर मात्र हा प्रश्न गंभीरपणे घ्यावा.

हेल्मेट दिवसातले 23 तास, तीन ते सहा महिने घालावे लागते. काढायचे ते आंघोळीला आणि सफाईला. दर दोन-चार आठवड्यांनी केंद्रात जाऊन आतले अस्तर वाढीनुसार बदलून घ्यावे लागते. ही केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. भुसावळहून मुंबई रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर पडते. शहादा किंवा धडगावच्या कुटुंबाला तर आधी नंदुरबार गाठावे लागते. ज्या बापाचा दिवसाचा रोज बुडतो, त्याच्यासाठी अशा आठ-दहा खेपा हाच उपचाराचा मोठा खर्च असतो, आणि सल्ला देणाऱ्याने तो धरूनच बोलले पाहिजे. दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. घामाने अस्तराखालची कातडी लाल होते, पुरळ उठते, वास येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेल्या बाळाचे हेल्मेटचे महिने बरोबर उन्हाळ्यात येतात. तेव्हा कूलर चालतो का, भारनियमन किती, बाळ दिवसा कोणाजवळ असते, हे डॉक्टरांनी विचारायला हवे.

म्हणून खानदेशात बाळाचे डोके पाहण्याची वेळ तिसरा महिना ही धरावी. आशाताई नवजात बाळासाठी सहाव्या आठवड्यापर्यंत घरी येतात आणि 2018 पासूनच्या कार्यक्रमानुसार पुढे 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांनाही येतात. तिसऱ्या महिन्याच्या भेटीत बाळाला मांडीवर घेऊन वरून डोके पाहिले, कान सारखे आहेत का पाहिले, मान दोन्हीकडे वळते का पाहिले, तरी पुष्कळ काम होते. मान धरणे, कुशीवर वळणे उशिरा होत असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवता येते. चपट्या डोक्याच्या काही बाळांत विकास थोडा मागे आढळतो. कमी हालचालीमुळे बाळ एका जागी पडून राहते आणि डोके बसते, असा हा क्रम बहुधा असतो. चपट्या डोक्याने मेंदू दबतो ही भीती निराधार आहे.

जाऊळ काढल्यावर चपटेपणा लक्षात आलेल्या, चालायला लागलेल्या मुलाचे डोके मोजावे, घेर वयाप्रमाणे आहे का आणि बोलणे-चालणे वेळेवर आहे का हे पाहावे. ते ठीक असेल तर त्याला हेल्मेटसाठी मुंबई-पुण्याला नेण्याचे कारण नाही. दीड वर्षाच्या मुलाला हेल्मेट विकू पाहणाऱ्याला वाढीचा तक्ता समोर ठेवून विचारावे की उरलेल्या वाढीत किती मिलिमीटर फरक पडेल. उठून बसणारे, चालणारे मूल दिवसभर डोक्यावर भार देत नाही, त्यामुळे सपाटपणा वाढत नाही, उलट थोडा भरून येतो. उरलेला भाग जाऊळानंतर आलेल्या केसांखाली पुन्हा झाकला जातो.