टायरच्या कडेवरचे आकडे आणि आपले ऊन

बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याचे काम आमच्या गावात पेरणीच्या आधी, ऐन उन्हाळ्यात होत असे. लोहार आधी चाकाच्या परिघाभोवती दोरी फिरवून माप घेई आणि धाव त्या मापापेक्षा मुद्दाम बोटभर कमी ठेवी. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचे. चर्र आवाज होऊन धाव अशी आवळली जाई की लाकडाचे सांधे करकरत. लोखंड दर अंशाला दशलक्षात सुमारे बारा भाग या हिशेबाने प्रसरण पावते, त्यामुळे १.४ मीटर व्यासाच्या चाकाची धाव सहाशे अंशांनी तापली की तिचा परीघ तीन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. लोहाराला हे गणित कोणी शिकवलेले नव्हते, पण त्याची बोटभर कसर नेमकी त्या वाढीत बसत असे. माप चुकले तर धाव चढत नसे, किंवा चढली तरी पहिल्याच हंगामात सैल होऊन निघून जाई.

आता गावोगावी दारात मोटार उभी असते, पण मापाविषयीची ती काटेकोर नजर टायर बदलताना मात्र हरवलेली दिसते. मी स्वतःही ती एकदा हरवली होती. माझ्या मोटारीला कंपनीने दिलेले टायर १६५/८० आर १४ मापाचे होते. ते गोटा झाल्यावर तालुक्याच्या एका दुकानात गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "सर, एक नंबर मोठा टाका, गाडी वर उचलते, आपल्या रस्त्याले तेच पायजे." पांदण रस्त्यातले दगड गाडीच्या पोटाला लागतात हा अनुभव असल्याने मला ते पटले, आणि मी नव्या रिमांसह २०५/६५ आर १५ मापाचे टायर बसवून घेतले. पुढच्याच आठवड्यात पाच माणसे आणि मागे तुरीचे दोन कट्टे घेऊन निघालो असता, वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू लागले आणि जळक्या रबराचा वास गाडीभर पसरला. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा कळले की गाडी एवढ्या खर्चाने उचलली गेली ती फक्त १४ मिलिमीटर.

तो हिशेब अवघड नाही. १६५/८० आर १४ यात १६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे अक्षर, ते त्रिज्येचे नव्हे. आणि १४ हा रिमचा इंचातला व्यास, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक अशी दोनदा येते, म्हणून चाकाचा पूर्ण व्यास झाला २६४ अधिक ३५५.६, म्हणजे ६१९.६ मिलिमीटर. २०५/६५ आर १५ या टायरचा व्यास याच रीतीने ६४७.५ मिलिमीटर येतो. व्यासातला फरक २८ मिलिमीटरांचा, पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, कारण उरलेला निम्मा भाग चाकाच्या आसाच्या वर जातो आणि तोच मडगार्डला घासतो. शिवाय व्यास साडेचार टक्के वाढल्याने चाकाचा एक फेरा जास्त अंतर कापतो, आणि गाडीतले यंत्र तर फेरेच मोजत असते. पूर्वी काटा ८० वर असताना गाडीचा जो वेग असे, त्याहून आता तो साडेतीन किलोमीटरने अधिक असतो. इंजिनाची ओढ आणि ब्रेकची पकडही जमिनीपाशी पोचेपर्यंत त्याच प्रमाणात कमी होते.

रिम बदलूच नये असा याचा अर्थ नाही. त्याच गाडीच्या महागड्या आवृत्तीला कंपनी १८५/६५ आर १५ हे टायर देते. त्याची भिंत १२०.२५ मिलिमीटर, त्यामुळे पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. रिम एक इंचाने वाढली, पण भिंत तेवढीच बसकी झाली आणि चाक होते तेवढेच राहिले. टायरचे माप बदलताना पाळायचा नियम हाच: बाहेरचा व्यास हलता कामा नये आणि रिमची रुंदी त्या टायरला चालणारी असली पाहिजे. कोणती मापे चालतात हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते.

रुंद टायर जमिनीवर जास्त टेकतो, म्हणून जास्त धरून ठेवतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि आत ३० पौंड हवा आहे, असे धरू. ३० पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब. तेव्हा तो भार तोलायला साधारण १४३ चौरस सेंटिमीटर जागा जमिनीला टेकावी लागते, म्हणजे तळहाताएवढी. टायर अरुंद असो वा रुंद, भार आणि हवा तीच असेल तर ही जागा जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा आणि आखूड. पावसाळ्यात याचा फरक जाणवतो, कारण रस्त्यावर साचलेले पाणी बाजूला सारत जाणे अरुंद टायरला सोपे पडते, तर रुंद टायर त्याच पाण्यावर लवकर तरंगू लागतो. मुरुमाच्या पांदणीवर वर चिखलाचा पातळ थर असतो आणि खाली टणक थर लागतो, तिथेही अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो. काळ्या मातीच्या ओल्या वावरात मात्र खाली टणक असे काही हाती लागतच नाही. ती माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि कोणत्याही मापाच्या टायरची नक्षी दोन फेऱ्यांत बुजवून टाकते. तिथे मोटार नेऊच नये.

चिखल कापून तळाशी पोचण्याचे हे तत्त्व बर्फातही चालते. माझा भाचा जर्मनीत असतो, तिथली माणसे ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत गाडीला हिवाळी टायर लावतात, आणि पहिल्या वर्षी त्याने मला विचारले होते, "मामा, हिवाळी टायर उन्हाळीपेक्षा अरुंद का सांगतात?" उत्तर वर आलेच आहे: कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप घेतले, तर ते मऊ बर्फ कापत जाते. हिवाळी टायरचे रबरही वेगळे असते. साधे रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते आणि त्याची पकड ढिली पडते; हिवाळी टायरच्या मिश्रणात ते थंडीतही मऊ राहील अशी योजना असते, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाच्या कणांना धरतात. त्या टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असते. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, हिवाळी टायरसाठी वेगाचे अक्षर, म्हणजे टायरची कमाल वेगमर्यादा सांगणारे कडेवरचे अक्षर, गाडीच्या मूळ अक्षरापेक्षा खालचे असलेले तिथे चालते, फक्त चालकाच्या नजरेसमोर त्या मर्यादेची चिठ्ठी लावावी लागते. पण भाराचा आकडा, म्हणजे टायर किती ओझे तोलू शकतो ते सांगणारा आकडा, कमी केलेला मात्र चालत नाही.

आपल्याकडे हिवाळी टायरचे काम नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता हे खरे, पण अशी थंडी पहाटेपुरती असते आणि दुपारी रस्ता पुन्हा तापतो. त्याच नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले आहे, आणि अशा दिवशी डांबर साठ अंशांच्या पुढे जाते. थंडीसाठी मऊ केलेले रबर त्यावर झपाट्याने झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेईल. आपली परीक्षा उन्हाची आणि ओझ्याची आहे, म्हणून आपल्या दृष्टीने मापानंतर येणारा भाराचा आकडाच सगळ्यांत मोलाचा. १६५/८० आर १४ या मापाच्या पुढे ‘८५ टी’ असे छापलेले असते. इथला ८५ म्हणजे ८५ किलो नव्हे. तो ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ ५१५ किलो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ७९ म्हणजे ४३७ किलो. ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटर वेगाची मर्यादा सांगते. त्याच मापात कमी क्रमांकाचा टायर स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर डोळ्यांना काही फरक दिसत नाही, पण लग्नाच्या वऱ्हाडाला गाडीत सहा-सात जण बसवले आणि डिक्कीत कट्टे टाकले की ते बहुतेक ओझे मागच्या दोन टायरांवर येते, आणि ती कसर तिथे बाहेर पडते.

भाराचा तो आकडा खरा ठरतो तो पुरेशी हवा असेल तरच; ओझे तोलणारी मुळात हवा असते, रबर तिला फक्त कोंडून धरते. १६५/८० आर १४ टायरचा परीघ १.९५ मीटर आहे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाताना हे चाक सेकंदाला सतरा फेरे घेते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा जमिनीवर दबून पुन्हा सरळ होतो. दबताना लागलेली सगळी शक्ती रबर परत देत नाही. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटू लागते आणि एका क्षणी तो फुटतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, हा सल्ला मी किती तरी ठिकाणी ऐकला आहे, आणि तो जीवावर बेतणारा आहे. मे महिन्याच्या सकाळी २८ अंशांवर ३० पौंड भरलेली हवा टायर ७५ अंशांपर्यंत तापला तर ३७ पौंडांच्या आसपास जाते, आणि एवढी वाढ टायर बनवताना हिशेबात धरलेलीच असते. तापलेल्या टायरमधून हवा काढून पुन्हा ३० वर आणणे म्हणजे थंड झाल्यावर तो उपाशी ठेवणे होय.

खेड्यातल्या माणसाची अडचण नेमकी इथे आहे. हवा भरायची सोय तालुक्याला, पेट्रोल पंपावर. तिथवर तीस-चाळीस किलोमीटर जाईपर्यंत टायर तापलेलेच असतात. डिसेंबरच्या दुपारी आतली हवा ५५ अंशांवर असताना पंपावरच्या माणसाने बरोबर ३० पौंड भरून दिले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे १२ अंशांवर तोच टायर जेमतेम २४ पौंड दाखवतो. पुस्तिकेतला आकडा थंड टायरसाठी असतो, आणि आपण तो वर्षानुवर्षे गरम टायरला लावत आलो आहोत. मी आता दाबमापक आणि गाडीतल्या लायटरच्या खाचेवर चालणारा लहान हवा पंप घरीच ठेवतो, पंधरवड्यातून एकदा सकाळी गाडी हलवण्यापूर्वी चारही टायर मोजतो, आणि ओझे न्यायचे असेल त्या दिवशी पट्टीवर भरल्या गाडीसाठी दिलेला वेगळा आकडा धरतो.

विकत घेताना आणखी एक आकडा वाचावा. कडेवर एका लंबगोलात चार अंक असतात: २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. आपल्या उन्हात रबर लवकर पिकते, म्हणून दुकानाच्या दारात दोन उन्हाळे काढलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद होतो. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे उंचवटे दिलेले असतात, आणि त्यांच्या पातळीपर्यंत नक्षी आली की वाट पाहू नये.

उरली स्टेपनी. चारही चाके १८५/६५ आर १५ आणि डिक्कीत मात्र १६५/८० आर १४, अशा गाड्या पुष्कळ असतात. व्यास जवळपास सारखा असल्याने ती चाक म्हणून बसते, पण तिची रुंदी वेगळी, पकड वेगळी, आणि म्हणून तिच्या रिमवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा चिकटवलेली असते. तिच्यावर गाडी गावापर्यंत आणावी, पंक्चर काढावे आणि मूळ चाक त्याच दिवशी परत चढवावे. हवा मोजताना ती पाचवी धरावी. वर्षभर डिक्कीत पडून असलेल्या स्टेपनीत गरजेच्या वेळी दहा-बारा पौंडच हवा निघाल्याचे मी दोनदा पाहिले आहे.