थामुगादी (टिमगाद)

अल्जेरियातील बात्ना शहराच्या पूर्वेस, ऑरेस डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले प्राचीन रोमन नगर. त्याचे अवशेष आज टिमगाद या नावाने ओळखले जातात. रोमन कॅथलिक चर्चच्या दफ्तरी मात्र ‘थामुगादी’ हे नुमिडिया या प्राचीन रोमन प्रांतातील नामधारी धर्मपीठ, म्हणजे बिशपला केवळ पदवीपुरते दिले जाणारे पीठ, म्हणून अजून कायम आहे.

सम्राट ट्राजनने इ. स. १०० मध्ये ‘तिसरी ऑगस्टा’ या रोमन सैन्यदलाकरवी (लीजन) हे नगर उभारले. मूळ आराखडा सुमारे ३५५ मी. बाजूचा चौरस, त्यात एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते. वस्ती वाढली तशी ही शिस्त सुटली आणि तटाबाहेरचे गाव वाटेल तसे पसरले. नाट्यगृह, ग्रंथालय, ठिकठिकाणी स्नानगृहे असा थाट होता. चौकातल्या फरसबंदीवर कोणीतरी सोंगट्यांचा पट कोरला असून त्यातली अक्षरे सांगतात : शिकार करावी, न्हावे, खेळावे, हसावे, जगणे ते हेच.

चौथ्या शतकात मात्र नगर डोनाटिस्ट या फुटीर ख्रिस्ती पंथाचा बालेकिल्ला बनले. रोमन सत्तेने ख्रिस्त्यांचा छळ केला त्या काळात धर्मग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंना हा पंथ मानत नसे. इथला डोनाटिस्ट बिशप ओप्तातुस याने आफ्रिकेतील रोमन सेनापती गिल्डो याच्या बंडाला साथ दिली आणि बंड मोडल्यावर तो कैदेत मेला. त्याच्यानंतरच्या गौदेन्तिउसने तर, चर्च ताब्यात घ्यायला शाही अधिकारी आले तर भक्तांसह त्यातच जाळून घेईन, अशी धमकी दिली. त्याला उत्तर म्हणून कॅथलिक बिशप संत ऑगस्टीनने दोन खंड लिहिले. थोडक्यात, ज्या गावाचे नाव कॅथलिक बिशप आज मिरवतात, तिथले सर्वांत गाजलेले बिशप कॅथलिकांचे कट्टर विरोधक होते.

रोमनांना पुन्हा आसरा मिळू नये म्हणून ऑरेसच्या डोंगरी टोळ्यांनी नगर उजाड केले. इ. स. ५३९ मध्ये बायझंटाईन सेनापती सोलोमनने शेजारी किल्ला बांधला, तोही जुन्या इमारतींचे दगड काढून. पुढे सारे वाळूखाली गेले. १८८१ पासून फ्रेंचांनी उत्खनन केले. १९८२ मध्ये युनेस्कोने टिमगादला जागतिक वारसा ठरवले.

प्रत्येक बिशपला एखादे धर्मपीठ हवे, हा चर्चचा जुना दंडक. सहाय्यक बिशप किंवा पोपचे राजदूत यांना स्वतःचा धर्मप्रांत नसतो, म्हणून त्यांना लोप पावलेल्या पीठाची पदवी मिळते. तिथे ना भक्त, ना उत्पन्न, ना कारभार. अशा पीठांना पूर्वी ‘परधर्मीयांच्या मुलखातील’ म्हणत. तेरावा लिओ या पोपने १८८२ मध्ये तो शब्दप्रयोग बंद केला.

या पदवीचा राजकीय उपयोगही होई. गोव्यातील दिवाडी बेटाचे मातेउश द कास्त्रो १६३७ मध्ये क्रिसोपोलिस या अशाच लोप पावलेल्या पीठाचे नामधारी बिशप झाले आणि त्यांच्याकडे आदिलशाही मुलखातील चर्चचा कारभार सोपवला गेला. पूर्वेकडच्या नियमित धर्मप्रांतांवर बिशप सुचवण्याचा हक्क पोर्तुगालचा राजा सांगत असे. नामधारी पीठावर त्याचा दावा चालत नसल्याने रोमला आपला माणूस थेट नेमता आला.