हिमोफिलिया आणि युडीआयडी कार्ड: अर्ज, कागदपत्रं आणि बोर्डासमोर जायची तयारी

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्यांना युडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, मिळतं का, असं लोक अजून विचारतात म्हणून आधी तेच सांगतो, हो, हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, २१ प्रकारांमध्ये थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या जोडीला. अडचण वेगळीच असते. ब्लीड, म्हणजे सांध्यात किंवा शरीरात आतून रक्तस्राव, नसेल तेव्हा आपण चांगले धडधाकट दिसतो. मी पहिल्यांदा बोर्डासमोर, म्हणजे दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर, गेलो तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चालतच आलात की." आदल्या आठवड्यात चार दिवस गुडघा टम्म सुजून अंथरुणात पडून होतो, पण ते त्याला कुठून दिसणार. म्हणून सगळा भार कागदांवर.

युडीआयडीचा अर्ज स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर करायचा, फुकट आहे, सायबर कॅफेवाला फी म्हणून काही मागत असेल तर ती त्याची स्वतःची. आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा एवढंच अपलोड होतं, मग हॉस्पिटल निवडायचं आणि एनरोलमेंट नंबर जपून ठेवायचा.

आता एक जागा जिथे बरेच जण चुकतात. दिव्यांगत्वाचा प्रकार विचारतात तिथे आपण फक्त हिमोफिलिया टिक करून मोकळे होतो. पण वर्षानुवर्षं त्याच त्या गुडघ्यात, कोपरात, घोट्यात ब्लीड होऊन सांधा आखडला असेल तर अस्थिव्यंगसुद्धा टिक करा. कारण सरकारी नोकरीत जे ४ टक्के आरक्षण आहे त्यात रक्ताचे आजार धरलेले नाहीत, अस्थिव्यंग आहे (त्याचं दिव्यांगत्व स्वतंत्रपणे ४० टक्के भरलं पाहिजे). कॉलेज प्रवेशाच्या ५ टक्क्यांत मात्र हिमोफिलियाही चालतो, तिथेही ४० टक्क्यांची अट आहेच. हे मला कोणी सांगितलं नाही, दोन परीक्षांचे फॉर्म भरून झाल्यावर कळलं.

बोर्डाच्या दिवशी फाईलमध्ये सगळ्यात वर फॅक्टर लेव्हलचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या प्रमाणाचा) रिपोर्ट ठेवा, १ टक्क्याच्या खाली म्हणजे सिव्हिअर, म्हणजे तीव्र. नुसतं "हिमोफिलिया ए" लिहिलेली चिठ्ठी पुरत नाही. रिपोर्ट हरवला असेल तर आधी टेस्ट परत करून घ्या. मग इनहिबिटरचा (फॅक्टरचं इंजेक्शन निकामी करणाऱ्या अँटीबॉडीचा) रिपोर्ट, सांध्यांचे एक्स-रे, ॲडमिट झालात तेव्हाची डिस्चार्ज कार्डं, आणि ब्लीडची वही. माझी वही म्हणजे शाळेची शंभर पानी, प्रत्येक इंजेक्शनच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून तारखेपुढे चिकटवलेलं, बाजूला कुठला सांधा आणि किती दिवस घरी बसलो ते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी पाचसहा पानं उलटली आणि मग विचारलं, उजवा गुडघा किती वाकतो ते दाखवा. त्या वहीने जे झालं ते माझ्या बोलण्याने झालं नसतं.

लाईनीत तासन् तास उभं राहू नका, बाकडं मागा, लाज कसली. जायच्या आधी फॅक्टर घ्यायचा का ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, मी घेऊनच जातो.

२०२४ च्या बदललेल्या नियमांत सर्टिफिकेट द्यायला तीन महिन्यांची मुदत आहे. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० ते ७९ पिवळं, ८० पासून पुढे निळं. हातात आल्यावर रंगाआधी तात्पुरतं की कायमचं ते बघा, तात्पुरतं असेल तर संपायची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

कार्डाचा उपयोग काय? महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिना २५०० मिळतात, ४० टक्के लागतात आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत, अर्ज तहसीलला. (५०,००० मध्ये कोणाचं घर चालतं हा प्रश्न मी तलाठ्याला विचारून बघितला, तो हसला फक्त.)

रेल्वेचं प्रकरण मात्र वेगळं आहे. सिव्हिअर आणि मॉडरेट (मध्यम) पेशंटला उपचाराला किंवा चेकअपला जाताना स्लीपर, थर्ड एसीमध्ये ७५ टक्के सूट असते, सोबत येणाऱ्या एका माणसालाही, पण त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. कोरा फॉर्म प्रिंट करून न्या आणि ओपीडीतच सही-शिक्का घेऊन टाका, नाहीतर त्या एका शिक्क्यासाठी सुजलेला गुडघा घेऊन परत चक्कर होते.