केव्हमॅन केनो

केव्हमॅन केनो हा व्हिडिओ केनो मशीनवरचा आकडे जुळवायचा गेम आहे, अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये, विशेषतः नेवाडा राज्यात तो सापडतो. पाया साध्या केनोचाच आहे, म्हणजे स्क्रीनवर १ ते ८० आकडे असतात, त्यातले आपण काही निवडायचे (या निवडलेल्या आकड्यांना स्पॉट म्हणतात), मग मशीन २० आकडे काढतं आणि आपले किती लागले ते बघून पेटेबलप्रमाणे (किती आकडे लागले तर किती पैसे, हे सांगणारा तक्ता) पैसे मिळतात.

वेगळेपण आहे ते अंड्यांमध्ये. ड्रॉ सुरू व्हायच्या आधी मशीन आपण न निवडलेल्या आकड्यांपैकी तीन आकड्यांवर अंडी ठेवतं, कुठे ठेवायची हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. ड्रॉमध्ये अंड्याचा आकडा आला की ते फुटतं. एकही फुटलं नाही किंवा एकच फुटलं तर काही फरक पडत नाही, दोन फुटली तर त्या डावाची कमाई ४ पट आणि तिन्ही फुटली तर त्याहूनही जास्त पट. पण आपल्या आकड्यांवर काही लागलेलंच नसेल तर अंडी फुटून उपयोग शून्य, कारण शून्याला कितीनेही गुणा.

आता शक्यता बघू. तीन अंड्यांपैकी नेमकी दोन फुटायची शक्यता साधारण १३.९ टक्के, तिन्ही फुटायची १.४ टक्के, म्हणजे जवळपास ८५ टक्के डावांमध्ये अंड्यांचा काहीच फायदा होत नाही. पण खरी मेख पुढेच आहे आणि बऱ्याच खेळणाऱ्यांच्या ती लक्षातच येत नाही. काढले जाणारे आकडे २०च असतात, त्यामुळे त्यातले जितके आपल्या स्पॉटवर पडतात तितके अंड्यांसाठी कमी उरतात. समजा ५ स्पॉट घेतले आणि पाचही लागले (हेच मुळात १५५१ मध्ये एकदा), तर उरलेल्या ७५ आकड्यांतून १५च निघणार, मग दोन अंडी फुटायची शक्यता ९.३ टक्क्यांवर येते आणि तिन्हीची ०.७ च्याही खाली. म्हणजे कमाई मोठी असते नेमकं तेव्हाच गुणक मिळणं अवघड होतं. पाचही स्पॉट आणि तिन्ही अंडी एकाच डावात यायचा चान्स साधारण २,३०,११५ मध्ये १, साध्या केनोत ८ पैकी ८ लागायचा जेवढा अगदी तेवढाच, कारण दोन्हीकडे ठरावीक ८ आकडे त्या २० मध्ये यावे लागतात.

कोणते आकडे निवडले याने शक्यता बदलत नाही, लागोपाठचे घ्या की वाढदिवसाचे, प्रत्येक ड्रॉ रँडम नंबर जनरेटर नव्याने काढतो आणि मागच्या ड्रॉचा पुढच्याशी काही संबंध नसतो. फरक पडतो पेटेबलने. तेच नाव आणि तेवढेच स्पॉट असूनही दोन मशीनची पेटेबलं वेगळी असू शकतात, आणि नेवाडाच्या नियमांत मशीनचा सैद्धांतिक परतावा (लावलेल्या पैशांतला सरासरीने परत मिळणारा वाटा) किमान ७५ टक्के हवा एवढीच अट आहे, म्हणून खेळायच्या आधी स्क्रीनवरचं पेटेबल वाचावंच.